पंधरा मिनिटांचा वक्ता

मराठी वक्तृत्वाला सभागृहाची सवय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तास-दीड तास व्याख्यान ऐकायला जाणं हा शहरी मराठी घरांचा परिपाठ होऊन बसला. खेड्यापाड्यांतून त्याच्याही कितीतरी आधीपासून कीर्तन होतंच. पूर्वरंगात एखादा विचार घ्यायचा, त्याची उकल करायची, मग उत्तररंगात आख्यान लावून तोच विचार माणसांच्या गळी उतरवायचा. दोन्हीकडे वेळेचं बंधन सैल. लोक रंगले की बुवा लांबवणार, चुळबुळ सुरू झाली की आवरतं घेणार. वक्त्याची अर्धी ताकद समोरच्या चेहऱ्यांतून येई.

या परंपरेत वाढलेल्या माणसाला विसाव्या शतकात कुणीतरी एका बंद खोलीत नेऊन बसवलं. समोर माइक, हातात लिहून आणलेले कागद, भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ. टाळी नाही, हशा नाही, मधेच उठून प्रश्न विचारणारा कुणी नाही. आणि मुदत दहा ते पंधरा मिनिटं. रेडिओवरचं भाषण नावाचा जो प्रकार त्यातून घडला, तो व्याख्यानाची कापून छोटी केलेली प्रत नव्हता. तो निराळाच साहित्यप्रकार होता, आणि तो शिकायला सगळ्यांनाच वेळ लागला.

मुंबईत हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये पहिले प्रयोग केले होते. रीतसर केंद्र आलं ते २३ जुलै १९२७ ला. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट आणि आवाज नीट पोचे तो जेमतेम तीस मैलांपर्यंत. म्हणजे कल्याणच्या पुढचा महाराष्ट्र या वाणीच्या टप्प्याबाहेरच होता. रेडिओ संच महाग, त्यावर वर्षाला दहा रुपये परवाना फी. १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा साऱ्या देशात परवानेधारकांची संख्या आठ हजारांच्याही आत होती. सरकारने १ एप्रिल १९३० पासून कारभार हाती घेतला, तोही बराचसा नाइलाजाने.

भाषणाचं खरं शास्त्र तयार होत होतं ते लंडनमध्ये. बीबीसीत १९२७ मध्ये भाषणविभागाच्या पहिल्या संचालक म्हणून हिल्डा मॅथेसन यांची नेमणूक झाली. पहिल्या महायुद्धात गुप्तचर खात्यात काम केलेली, नंतर लेडी अ‍ॅस्टर यांची राजकीय सचिव असलेली ही बाई व्हर्जिनिया वुल्फपासून एच. जी. वेल्सपर्यंत सगळ्यांना माइकसमोर घेऊन आली. तिचं म्हणणं साधं होतं. सभेत बोलतात तसं रेडिओवर बोललात तर ऐकणारा बटण बंद करील. निबंध वाचून दाखवलात तरी तेच होईल. ऐकणारे लाखो असतील, पण प्रत्येक जण आपल्या घरात, आपल्या खुर्चीत, एकटा किंवा दोघा-तिघांत बसलेला आहे. त्याच्याशी बोला. यासाठी ती वक्त्यांकडून आधी मजकूर मागवून घेई, त्यातली वाक्यं मोडून लहान करायला लावी, मग तालीम घेई. नामवंत लेखकांनाही या तालमीतून सुटका नव्हती. गंमत अशी की सहज बोलल्यासारखं वाटावं म्हणून प्रत्येक शब्द आधी लिहून काढावा लागे.

१९२८ पर्यंत बीबीसीवर वादग्रस्त विषयांना बंदी होती. ती उठल्यावर मॅथेसनबाईंनी राजकारण, विज्ञान, नवं साहित्य असं सगळंच आत घेतलं. १९२९ च्या जानेवारीत ‘द लिसनर’ हे साप्ताहिक निघालं आणि हवेत विरून जाणारी भाषणं छापील स्वरूपात टिकायला लागली. मॅथेसन मात्र टिकल्या नाहीत. हॅरॉल्ड निकोल्सनच्या आधुनिक साहित्यावरच्या भाषणमालेवरून बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९४८ मध्ये त्याच रीथ यांच्या नावाने वार्षिक व्याख्यानं सुरू झाली. पहिले वक्ते बर्ट्रांड रसेल.

मॅथेसन यांच्या हाताखाली काम केलेला एक माणूस १९३५ च्या ऑगस्टमध्ये भारतात येऊन दाखल झाला. त्याचं नाव लायनेल फील्डन. हिंदुस्थानच्या प्रसारणाचा तो पहिला नियंत्रक. १९३६ च्या जूनमध्ये खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं तेही त्याच्याच खटपटीने. बरोबर त्याने लंडनची रीतही आणली: आगाऊ मजकूर, घड्याळ, तालीम, मानधनाचा करार. इथे त्या रीतीला एक वेगळीच धार आली. आगाऊ मजकूर मागवण्यामागे लंडनमध्ये कारागिरी होती. दिल्ली-मुंबईत त्यात पहाराही मिसळला. वसाहतीच्या सरकारला आपल्या माइकवरून राजकीय वाद नको होता. देशात ज्या प्रश्नांवर सभा गाजत होत्या, तेच प्रश्न रेडिओवर वर्ज्य. त्यामुळे आरोग्य, प्रवास, पुस्तकं, संतकवी, शास्त्रीय शोध असे निरुपद्रवी विषय भाषणांच्या वाट्याला आले. रेडिओवरचं भाषण म्हणजे गुळगुळीत, कुणालाही न बोचणारं, ही जी ख्याती पुढे कित्येक दशकं चिकटून राहिली तिचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात या गोष्टीला एक मराठी पदर मिळाला. बीबीसीच्या पूर्व विभागात १९४१ च्या ऑगस्टपासून जॉर्ज ऑरवेल हिंदुस्थानसाठी भाषणांचे कार्यक्रम करत होता. टी. एस. एलियट, ई. एम. फॉर्स्टर, मुल्कराज आनंद अशी माणसं त्याने बोलावली. भारतीय विद्यापीठांतल्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील अशा साहित्यावरच्या भाषणमाला आखल्या. युद्धाच्या घडामोडींवर तो दर आठवड्याला वार्तापत्र लिही आणि त्याचे मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अनुवाद वाचले जात. या कामात त्याची सहकारी होती वेणू चितळे. कोल्हापूरजवळच्या शिरोळची ही मुलगी शिकायला म्हणून इंग्लंडला गेली होती. तिने बीबीसीवर इंग्रजी बातम्या वाचल्या आणि ऑरवेलची मराठी वार्तापत्रंही तिच्या हाताखालून गेली. १९४२ मधलं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. एका टेबलाभोवती एलियट, ऑरवेल, विल्यम एम्पसन, मुल्कराज आनंद, वेस्ट इंडीजची कवयित्री ऊना मार्सन, आणि त्यांच्यातच बसलेली वेणू चितळे. भारतात परतल्यावर १९५० मध्ये तिची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली.

ऑरवेलने दोन वर्षं हे काम इमानाने केलं आणि १९४३ मध्ये सोडलं. आपण सरकारी पैसा आणि स्वतःचा वेळ फुकट घालवतो आहोत, भारतात हे कुणी फारसं ऐकत नाही, असं त्याचं मत झालं होतं. ते बरंचसं खरंही होतं. लघुलहरींवरचा खरखरता आवाज, मोजके संच, त्यात ‘चले जाव’ नंतरच्या काळात इंग्रजांच्या रेडिओवर विश्वास ठेवणार कोण? तरी माइकबद्दल त्याने एक निरीक्षण नोंदवून ठेवलं. श्रोता समोर नसल्याने कवीवर त्याची मर्जी राखण्याचं दडपण येत नाही, आणि म्हणून अवघड गोष्ट रेडिओवर जास्त मोकळेपणाने सांगता येते. एवढी भाषणं करवून घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय संघराज्यात सहा केंद्रं होती आणि पावणेतीन लाखांच्या आसपास संच. १२ नोव्हेंबर १९४७ ला महात्मा गांधी दिल्लीच्या प्रसारण भवनात गेले. त्यांची तिथली ती एकमेव भेट. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांपर्यंत प्रत्यक्ष पोचता येत नव्हतं, म्हणून ते माइकसमोर बसले.

पुढची दहा वर्षं हा रेडिओच्या भाषणांचा भरभराटीचा काळ म्हणता येईल. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. मूळचे पुण्याचे केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त आणि सिनेसंगीताचे तितकेच कट्टर विरोधक. सिनेमाची गाणी त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. पण याच काळात १९५३ मध्ये भाषणांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५५ पासून सरदार पटेल स्मृती व्याख्यानं सुरू झाली. त्यांचा प्रारंभ राजाजींनी केला, विषय होता चांगला प्रशासक.

या काळातलं एक भाषण स्वतंत्रपणे पाहण्यासारखं आहे. ३ ऑक्टोबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानाबद्दल बोलले. भाषण इंग्रजीत होतं, आणि छापलं तर एक-दोन पानांत संपेल एवढंच. पण त्याची बांधणी बघावी. प्रत्येक माणसाजवळ स्वतःचं वर्तन मोजायला एक माप हवं, ही सुरुवात. मग आपण काय नाकारतो ते: गीतेतल्या त्रिगुणांवर उभी असलेली, विषमतेला आधार देणारी समाजरचना. मग आपण काय स्वीकारतो ते: स्वातंत्र्य, समता आणि बंधुता. इथे श्रोत्याच्या मनात जी शंका येणार ती त्यांनी आधीच ओळखली. ही तीन तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि स्वातंत्र्य-समतेचं रक्षण कायद्याने पुरतं होत नाही, ते बंधुतेनेच होतं, म्हणून तिसरं तत्त्व सर्वांत वरचं, असा शेवटचा टप्पा. नकार, स्वीकार, शंकानिरसन, निष्कर्ष. एकही शब्द जास्त नाही. सभेत याच विषयावर ते दोन तास बोलू शकले असते. माइकने त्यांना गाभाच तेवढा सांगायला लावला. दोन वर्षांनी, धम्मदीक्षेच्या काही महिने आधी, १९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवरून त्यांनी बुद्धाचा धम्म आपल्याला का आवडतो हे असंच थोडक्यात सांगितलं.

मराठी केंद्रांवर या साच्याला घाट दिला तो लेखकांनी. बा. सी. मर्ढेकर तिसाच्या दशकाच्या अखेरीला रेडिओच्या नोकरीत आले आणि १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होते. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून तिथे ग्रामीण कार्यक्रमांकडे आले. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या माणसाला लिखित वाक्य बोलतं कसं करायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पु. ल. देशपांडेही याच दशकात आकाशवाणीत होते. पुढे त्यांच्या रेडिओवरच्या भाषणांची आणि श्रुतिकांची पुस्तकं निघाली. ती वाचताना जाणवतं की विनोदी लेखकाला सर्वांत मोठी अडचण हशा ऐकू न येण्याची. वाक्यानंतर किती थांबायचं हे स्टुडिओत कोण सांगणार?

मुंबई केंद्राने आणखी एक वाट काढली. विचार सांगायचा तर तो भाषण म्हणून न सांगता घरगुती गप्पांत का पेरू नये? ‘पुन्हा प्रपंच’ मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी चालू घडामोडींवर बोलत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे ते आवाज घराघरांतल्या माणसांना नातेवाइकांइतके ओळखीचे झाले. महागाई, शिस्त, नवी योजना, जुनी सवय असा कोणताही विषय टेकाडे भावजींच्या तिरकस प्रश्नातून आत येई. भाषण ऐकताना रेडिओ बंद करणारा श्रोता हे मात्र शेवटपर्यंत ऐके.

तरीही एक प्रश्न उरतोच. भाषण ऐकलं, पटलं, पुढे काय? सभा सुटल्यावर माणसं चहाच्या टपरीवर वाद घालत. रेडिओ बंद केल्यावर कुणाशी बोलायचं? या प्रश्नाची जगात गाजलेली एक तपासणी महाराष्ट्रातल्या खेड्यांत झाली आहे.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीचं पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं स्थापन केली. कल्पना कॅनडाची होती. तिथे शेतकऱ्यांचे गट जमून रेडिओ ऐकत आणि चर्चा करत. इथे प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस, आणि सगळ्यांत मिळून एक रेडिओ. आठवड्यातून दोन, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम पुण्याहून प्रसारित झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, शिक्षण, गावकारभार असे विषय. अर्धा तास ऐकायचं, मग रेडिओ बंद करून आपल्या गावात हे जमेल का यावर बोलायचं. चिटणिसाने चर्चेचा सारांश आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायची.

निष्कर्ष काढायची जबाबदारी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती. ते काम करणारे पॉल न्यूरथ मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेला हा माणूस नंतर मराठी खेड्यांत प्रश्नावल्या घेऊन फिरत होता. त्यांनी मंडळांची गावं, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं यांची तुलना केली. फरक ठसठशीत होता. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ होता तिथे वाढ मामुली. आवाज तोच, मजकूरही तोच. कमी होती ती ऐकल्यावर बोलण्याची. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक, हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथूर आणि न्यूरथ यांनी लिहिलेला या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ही योजना देशभर नेण्यात आली.

देशभर गेल्यावर तिची धार कमी झाली. पुण्याच्या प्रयोगात संघटक गावोगाव फिरत होते आणि प्रश्नाला उत्तर आठवड्याभरात मिळत होतं. योजना सरकारी झाली तशी कागदावरची मंडळं वाढली. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर परतली. आणि साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. चावडीवरचा गावाचा रेडिओ माणसाच्या खांद्याला लटकून शेतावर गेला. ऐकणारे वाढले, एकत्र ऐकणं संपत आलं. भाषणं चालूच होती, पण गाणं आणि बातम्या यांच्या मधली दहा मिनिटं अशीच त्यांची जागा उरली. सकाळच्या प्रसारणातल्या ‘चिंतन’ सारख्या काही मिनिटांच्या कार्यक्रमांनी मात्र तग धरला. कामावर निघायच्या गडबडीत, दाढी करताना, पोळ्या लाटताना तेवढंच कानावर पडे.

यातलं बरंचसं आता ऐकायला मिळत नाही. छापल्या गेलेल्या भाषणांचे शब्द उरले, आवाज नाहीत. बीबीसीचीही गत निराळी नाही. व्हर्जिनिया वुल्फच्या रेडिओवरच्या भाषणांपैकी १९३७ मधल्या एकाच भाषणाचा जेमतेम आठ मिनिटांचा भाग आवाजात उरला आहे.

छोट्या भाषणाला पुन्हा भाव आला तो इंटरनेटवर. अमेरिकेतल्या ‘टेड’ या संस्थेने २००६ मध्ये आपली भाषणं सर्वांना खुली केली. वक्त्याला तिथे अठरा मिनिटांची मर्यादा. मजकूर आधी तयार करायचा, तालीम करायची, एकच कल्पना सांगायची, हे सगळं हिल्डा मॅथेसनबाईंना ओळखीचं वाटलं असतं. मराठीत बीबीसीने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये काम सुरू केलं आणि ‘गोष्ट दुनियेची’ सारखे पॉडकास्ट आले. जगातला एक प्रश्न घ्यायचा आणि लोकलच्या प्रवासात संपेल एवढ्या वेळात उलगडायचा. पण यूट्यूबवरच्या लोकप्रिय मराठी पॉडकास्टांकडे पाहिलं तर चित्र उलट दिसतं. भाग तास-तासाचे, कधी दोन तासांचेही. पंधरा मिनिटांची शिस्त प्रक्षेपणाच्या मोजक्या वेळेमुळे आली होती. वेळ अमाप आणि फुकट झाल्यावर मराठी वक्ता पुन्हा सभागृहाच्या मापाने बोलायला लागला.

श्रोत्याकडून परत येणाऱ्या निरोपाचं स्वरूपही बदललं आहे. पॉडकास्ट करणाऱ्याला आज संगणक सांगतो की कितव्या मिनिटाला किती जण ऐकायचे थांबले. ते का थांबले, त्यांना काय पटलं नाही, आपल्या गावात हे जमेल का असा प्रश्न कुणाला पडला, हे त्या आलेखात नसतं. १९५६ मध्ये चिटणिसाच्या हस्ताक्षरातल्या कागदावर ते असे. काही शहरांतल्या वाचकगटांनी आता पुस्तकांबरोबर एखादा पॉडकास्ट ठरवून ऐकून यायचं आणि मग भेटून बोलायचं, असा रिवाज सुरू केला आहे.